उत्तरेची खिडकी

पिसं सोलायला बसलं की हसायचं नाही, शिंकायचं नाही, दार उघडायचं नाही आणि भांडायचं नाही, असा शिर्मरांच्या घरातला चार पिढ्यांचा दंडक होता. पहिले तीन नियम सगळे पाळत, कारण टेबलावरचा मऊ पिसांचा ढीग नुसत्या एका फुंकरीनं घरभर होतो. चौथ्या नियमातून मात्र घराण्यानं पळवाट काढली होती. भांडायचं, पण कुजबुजून. त्यामुळे जूनमधल्या, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या ऐन हिवाळ्यातल्या, त्या रविवारी चर्चहून आल्यावर मार्लीसच्या लग्नाच्या दुलईसाठी जी मंडळी जमली, ती बाहेरून बघणाऱ्याला प्रार्थनेला बसल्यासारखी वाटली असती.

लोर्नाला या कुजबुजीची सवय व्हायला बरीच वर्षं लागली होती. ती जवळच्याच कापुंडा गावच्या आयरिश घरातली. तिच्या माहेरी भांडण म्हणजे भांडण, ताटल्या वाजल्या पाहिजेत. लग्न होऊन इथं आली तेव्हा तिला वाटलं होतं, किती शांत माणसं ही! मग हळूहळू तिला ऐकू यायला लागलं. आता तिची मुलगी मार्लीस लग्नाला आली, तरी सासरच्या लेखी ती अजून नवी सूनच होती.

त्या दिवशीची पहिली कुजबुज बसायच्या जागेवरून झाली.

"दिवाणखान्यात बसू या," लोर्नाचा नवरा ब्रूनो म्हणाला. रविवारचा काळा कोट त्यानं अजून उतरवला नव्हता. "तीन वाजता घर बघायला ट्रेलोरसाहेब येणार. पणजोबांच्या दिवाणखान्यात बसलेलं घराणं त्यांना दिसलं पाहिजे."

"गारठलेलं घराणं," लोर्ना म्हणाली.

"थंडी काही वाईट नसते. थंडीनं माणसाला वळण लागतं."

"मग तुला एव्हाना पुष्कळ लागलं असेल."

ब्रूनोच्या हुल्डाआत्यानं या वादात भाग घेतला नाही. चौऱ्याऐंशीची झाली होती तरी पिसांची टोपली तिनं स्वतः उचलली आणि ती सरळ मागच्या खोलीत गेली. बाकीचे तिच्या मागोमाग गेले. पिसं ज्याच्या हातात, सभा त्याच्या घरात.

मागच्या खोलीत ऊन होतं. घरात हिवाळ्यात ऊन येणारी तेवढी एकच खोली. पणजोबा गॉटफ्रीड शिर्मर जर्मन मुलखातल्या सिलेसियातून इकडे आले आणि त्यांनी हे घर बांधलं, तेव्हा दिवाणखाना, व्हरांडा, मोठ्या खिडक्या, सगळं दक्षिणेला काढलं. त्यांच्या गावी ऊन दक्षिणेकडूनच येई, बापजाद्यांपासून तसंच. इथं ऑस्ट्रेलियात सूर्य उत्तरेकडून जातो हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तर त्यांनी सूर्यालाच चुकीचं ठरवलं असतं. घर उन्हाळ्यात बांधलं, तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि शंका यायचं कारण नव्हतं. हिवाळा आला तेव्हा छप्पर चढलेलं होतं.

पणजोबांची चूक झाली असं म्हणणं घराण्याला परवडणारं नव्हतं. म्हणून दर पिढीनं एकेक कारण शोधलं. पहिल्यांनी सांगितलं, चर्च समोर दिसावं म्हणून तोंड तिकडे. चर्च पंधरा वर्षांनी बांधलं, ती गोष्ट वेगळी. पुढच्यांनी सांगितलं, लोणी वितळू नये म्हणून. ब्रूनोचं ते वळणाचं. पडलो तरी नाक वर ही म्हण शिर्मरांना ठाऊक असायचं कारण नव्हतं, पण त्यांनी ती चार पिढ्या चोख पाळली होती.

फक्त ही एक खिडकी उत्तरेला होती. ठेंगणी, एका अंगाला कललेली, दोन हात जाड भिंतीत खोल बसवलेली. खिडकीच्या रुंद फळीवर हुल्डाआत्याची मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या काकड्यांची बरणी असे आणि फळीशी तिची खुर्ची. हिवाळाभर ती तिथं बसे. गुडघ्यांवर ऊन, समोर रस्ता, रस्त्यावर गाव. कोणाकडे पाहुणे आले, कोण चर्चला आलं नाही, कोणाची बायको माहेरी गेली, सगळ्याची खबर गावाच्या आधी तिला. लोर्ना नवी नवरी असताना पहिल्या हिवाळ्यात याच फळीवर डोकं ठेवून रडली होती. आत्यानं काही विचारलं नव्हतं, एक शेपू घातलेली आंबट काकडी तिच्या हातात दिली होती. लोर्नाला त्या काकडीपुढे रडू आवरावंच लागलं, एवढी ती आंबट होती.

आणि हीच खिडकी उद्या बुजवायची होती.

जुनी घरं जपणाऱ्या मंडळानं शिर्मरांचं घर पत्करायचं ठरवलं होतं. छप्पर नीट करणार, भिंती सावरणार, दारावर घराण्याच्या इतिहासाची पाटी लावणार. अट एकच. घर मूळ पुरुषाच्या हयातीत होतं तसं करायचं. त्याच्या काळातलं ठेवायचं, नंतरचं काढायचं. ब्रूनोनं त्यांना सांगून टाकलं होतं की उत्तरेची खिडकी नंतरची, त्याच्या वडिलांनी लग्नाच्या वर्षी पाडलेली. पणजोबांनी स्वतःच्या घराला मागून भोक पाडलं असेल, हे त्याच्या मनातसुद्धा येऊ शकत नव्हतं. गवंडी सोमवारी येणार होता. खिडकी नसलेल्या घरात आत्याचा हिवाळा निघणार नाही हे ब्रूनोलाही कळत होतं, म्हणून त्यानं टेकडीवरच्या वृद्धाश्रमात तिच्यासाठी खोली बघून ठेवली होती. छान खोली, गरम पाण्याची सोय, आणि समोर दुसऱ्या खोलीची भिंत.

आत्या यावर हो म्हणाली नव्हती, नाहीही म्हणाली नव्हती. पण यंदा ईस्टरनंतर तिनं आपले सगळे हंस कापले. दर वर्षी दोन-तीन जोड्या ठेवायची, यंदा एकही ठेवला नाही. मार्लीसच्या दुलईला पिसं हवीत म्हणाली. एका दुलईला किती पिसं लागतात हे लोर्नाला माहीत होतं. रिकाम्या खुराड्याकडे बघून तिनं ओळखलं होतं, आत्या आवरायला लागली आहे.

लोर्नाची सारी भिस्त एर्विनवर होती. एर्विन धाकट्या शाखेतला, ओढ्यापलीकडचा, ब्रूनोचा चुलतभाऊ. घर दोन्ही शाखांचं सामाईक, त्यामुळे त्याच्या संमतीशिवाय वीटही हलणार नव्हती. आणि ब्रूनो पूर्व म्हणाला की एर्विननं पश्चिम म्हणायचं, हे तर ठरलेलंच.

एर्विन आला तो स्वतःच्या काकड्यांची बाटली घेऊन. गावच्या जत्रेत त्याला तीन वर्षं काकड्यांचं पहिलं बक्षीस मिळत होतं, आणि आत्याच्या घरी काकड्या आणणं म्हणजे सोनाराच्या घरी कथलाचे दागिने घालून जाणं, हे ठाऊक असून तो मुद्दाम आणायचा.

"ठेव तिकडे," आत्या म्हणाली. "कोंबड्यांना घालीन."

"कोंबड्या माझ्या काकड्या खाऊन दोन-दोन अंडी देतील, आत्या."

"लाजेनं देतील."

मार्लीस हसली. टेबलावरची चार पिसं उडाली आणि तिघांनी एकदम श्श केलं.

मग हात चालू झाले. पीस घ्यायचं, देठाच्या दोन्ही बाजूंची मऊ लव ओढून काढायची, देठ जमिनीवर टाकायचा. हळूहळू ढीग फुगत गेला आणि माणसं एकमेकांना ढिगावरून बघू लागली.

"भाऊजी," लोर्नानं एर्विनला हळूच म्हटलं, "खिडकीचं काय ठरवलंत? तुम्ही तर विरोध करणार असाल ना?"

एर्विनची बोटं जरा जास्तच लगबगीनं चालायला लागली. "वहिनी, सगळ्या बाजूंनी विचार करावा लागतो."

"तुम्ही? सगळ्या बाजूंनी?"

"एर्विनची संमती झाली आहे," ब्रूनो गंभीरपणे म्हणाला. "पाटीच्या मजकुरावर आमचं एकमत झालं."

आता पाटी म्हटल्यावर लोर्नाला सगळं लख्ख दिसलं. पणजोबा येताना लाकडाची एक रंगवलेली पेटी घेऊन आले होते. निळ्या जमिनीवर लाल फुलं. आता तिला झाकण नव्हतं. पणजोबा गेल्यावर त्यांच्या दोन मुलांत वाटणी झाली, पेटी थोरल्याकडे आली, किल्ली आणि कुलूप धाकट्याकडे गेलं, आणि झाकण कोणी लांबवलं यावरून जे भांडण सुरू झालं ते आज ब्रूनो आणि एर्विन मन लावून पुढे चालवत होते. दर रविवारी दोन्ही घरं चर्चनंतर इथं जमायची, आत्याची कॉफी प्यायची, आणि कोणी ना कोणी उठून माळ्यावर, तळघरात, भट्टीमागे डोकावून यायचं. विचारलं तर म्हणायचं, सहज.

"पाटीवर आधी काय होतं?" लोर्नानं विचारलं.

"'झाकण धाकट्या शाखेकडे गहाळ झाले,'" एर्विन दात ओठ खाऊन कुजबुजला. "गावभर ते वाचलं जाणार होतं, वहिनी. माझी नातवंडं वाचणार."

"आणि आता?"

"'झाकण गहाळ झाले.' एवढंच. दादानं मोठं मन केलं."

"म्हणजे दोन शब्दांसाठी तुम्ही आत्याची खिडकी दिलीत."

एर्विननं आत्याकडे चोरून बघितलं. आत्या पीस सोलत होती. तिची नजर अधू झाली होती, पण बोटांना डोळे होते.

"लोर्ना, हा भावनेचा प्रश्न नाही," ब्रूनो म्हणाला. "घर मूळ आहे की नाही, हा प्रश्न आहे."

"आत्याला ऊन लागतं," लोर्ना म्हणाली. तिचा आवाज कुजबुजीच्या पातळीवर राहिना. "मूळ आणि नंतरचं मला काही कळत नाही. तिला ऊन लागतं. तुझ्या थंड दिवाणखान्यात एक दिवस बसून बघ, कोट न घालता."

"हळू!"

"मी हळूच बोलते आहे!"

"आई, पिसं," मार्लीस म्हणाली आणि दोन्ही हातांनी ढीग कुरवाळून बसवला. मग बापाकडे न बघता म्हणाली, "बाबा, माझी दुलई एवढी गरम होणार आणि जिनं ती दिली ती गारठणार. मला त्यात झोप लागेल का?"

ब्रूनोनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात दार वाजलं. त्याला सुटल्यासारखं झालं.

मंडळाचे ट्रेलोरसाहेब अ‍ॅडलेडहून आले होते. उंच, सभ्य माणूस, गळ्याला मफलर. त्यांना दारातून आत घेणं हे मोठंच प्रकरण झालं, कारण दार बोटभरापेक्षा जास्त उघडायला सगळ्यांचा विरोध. शेवटी ते आडवे होऊन, पोट आत ओढून, श्वास धरून आत शिरले आणि पिसांचा ढीग बघून म्हणाले, "मला जरा पिसांचा त्रास आहे. पण थोडाच वेळ काम आहे."

"तोंड भिंतीकडे करून बसा," आत्या म्हणाली. "आणि केक खाल्ल्याशिवाय जायचं नाही."

ट्रेलोर भिंतीकडे तोंड करून बसले. म्हणजे खिडकीकडेच. त्यांनी खिडकी निरखली, फळीवर टिचकी मारली, भिंतीच्या जाडीवर हात फिरवला. "भिंतीत ही नंतर पाडलेली आहे हे तर दिसतंच," ते नाकावर रुमाल धरून म्हणाले. "पण किती नंतर? हे तुमच्या वडिलांचंच काम, नक्की?"

"नक्की म्हणजे! या फळीवरूनच कळतं." ब्रूनो उठला. द्राक्षवेली छाटायचा वाकडा चाकू रविवारीसुद्धा त्याच्या खिशात असे. "इथल्या लाल निलगिरीची फळी आहे. आमच्या वडिलांच्या वेळी लाकूडगिरणी निघाली, तिथं कापलेली. थांबा, दाखवतो."

"ब्रूनो," आत्या म्हणाली. "चाकू ठेव."

"जरासं खरवडतो, आत्या. उद्या काढायचीच आहे."

"मी म्हणते, चाकू ठेव."

पुढे लोर्ना अनेकदा म्हणायची, शिर्मर पुरुषाला थांब म्हटलं की तो कामाला लागतो, हे आत्यासारख्या जुन्या माणसाला कळू नये? का कळत होतं म्हणूनच ती म्हणाली? ब्रूनोनं काकड्यांची बरणी बाजूला केली आणि फळीच्या मधोमध चाकू लावला. रंगाची सालपटं निघाली. पांढरा, त्याखाली पिवळट, त्याखाली तपकिरी, पुन्हा पांढरा. दर वर्षी वसंतात आत्या ही फळी स्वतः रंगवायची. घराला रंग लावायला माणूस आला तरी फळीला हात लावू द्यायची नाही. लोर्नाला वाटे, म्हातारीचा छंद.

मग निळा रंग आला.

ब्रूनो थांबला नाही. त्याला लाल निलगिरी दाखवायची होती. त्यानं आणखी खरवडलं आणि निळ्यातून एक लाल पाकळी वर आली. मग दुसरी. शेवटी हिरव्या देठावरचं एक पूर्ण फूल त्याच्या चाकूखाली उमललं. ते त्यानं जन्मापासून आपल्या झोपण्याच्या खोलीतल्या बिनझाकणाच्या पेटीवर बघितलं होतं. कडेला रंग उडून लाकूड उघडं पडलं होतं. निलगिरी नव्हतं ते, फिकट पाइन होतं, परक्या मुलखातलं.

एर्विन टेबलावरून पुढे वाकला.

"झाकण!" एर्विन ओरडला.

चार पिढ्यांत या टेबलाशी एवढ्या मोठ्यानं कोणी बोललं नव्हतं. त्याच्या श्वासानं ढिगाचा माथा उडाला. तो सावरायला मार्लीसनं हात पसरले, त्यानं उरलेला उडाला. आणि मग ट्रेलोरसाहेबांना शिंक आली. एक नाही, तीन. खोली पांढरी झाली. पिसं ब्रूनोच्या काळ्या कोटावर बसली, केकवर बसली, एर्विनच्या उघड्या तोंडात गेली. आत्याच्या डोक्यावर तर असा थर बसला की ती नव्यानं म्हातारी झाल्यासारखी दिसू लागली.

आणि ती हसत होती. आवाज न करता, नियमाप्रमाणे, खांदे हलवत हसत होती.

"तुला माहीत होतं," ब्रूनो म्हणाला.

"आठ वर्षांची होते तेव्हापासून."

"आत्या!" एर्विननं तोंडातलं पीस काढलं. "आम्ही माळा उपसला. माझ्या बापानं विहिरीचा तळ काढला! तू कॉफी ओतत बसलीस आणि एक शब्द बोलली नाहीस?"

"मला विचारलंत कधी? तुम्ही एकमेकांनाच विचारत होतात."

लोर्नानं आत्याच्या केसांवरची पिसं काढायला घेतली. "नीट सांगा, आत्या."

"काय सांगायचंय त्यात? आजीनं, योहानाआजीनं, इथं बसूनच सांगितलं मला." आत्यानं आपल्या खुर्चीच्या हातावर थाप मारली. "पहिला हिवाळा. माझे वडील तेव्हा तान्हे. पुढच्या खोल्यांत भिंतीला ओल आणि बाळाचा खोकला थांबेना. आजी त्यांना घेऊन दिवसभर घराच्या मागे, उघड्यावर, उन्हात बसायची. आजोबा येता-जाता बघायचे. बोलायचे नाहीत. बोलणार काय? घर चुकलं म्हणायचं, तर जीभ उचलायला हवी. एका सकाळी त्यांनी पहार घेतली आणि ही भिंत फोडली. कापलेलं लाकूड तेव्हा कुठं मिळणार? तर येताना आणलेल्या पेटीचं झाकण काढून इथं बसवलं. आजीची खुर्ची उचलून उन्हात ठेवली. आणि म्हणाले, 'गाय बघून येतो.'"

"मग?" मार्लीसनं विचारलं.

"मग काय? घरात गाय नव्हतीच. पुढच्या वसंतात घेतली."

ट्रेलोरसाहेब रुमालाआड हसले. ब्रूनो हसला नाही.

"कोणाला सांगायचं नाही, असं आजीकडून वचन घेतलं त्यांनी. फळी रंगवून टाकली. ते गेले आणि मुलं झाकणावरून भांडायला लागली. तेव्हा आजी सांगणार होती. पण तिनं बघितलं, एरवी महिना-महिना न फिरकणारी पोरं दर रविवारी यायला लागली. शोधायला का होईना. मला म्हणाली, हुल्डा, झाकण सापडलं की यांचं येणं संपलं. जोवर शोधताहेत तोवर शोधू दे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं दोन्ही शाखांनी तीन पिढ्या केलं होतं, आणि प्रत्येक वळशागणिक या म्हातारीची कॉफी प्याली होती. एर्विनला हसावं की चिडावं कळेना.

"पण आत्या," लोर्ना म्हणाली, "खिडकी बुजवायचं ठरलं, तुम्हाला वृद्धाश्रमात धाडायचं ठरलं, तेव्हा तरी बोलायचं. तुम्ही हंस कापलेत."

आत्यानं मांडीवरचं एक पीस उचललं. "मी वाट बघत होते," ती म्हणाली. "खिडकी कोणत्या सालची यावर महिनाभर बोलणं चाललं होतं. म्हटलं बघू, हुल्डाला ऊन लागतं असं कोणाच्या तोंडून येतं का. आलं. एकीच्या तोंडून, आणि ती शिर्मरही नाही."

लोर्नाचे डोळे भरून आले. तिनं ते लपवले नाहीत.

ट्रेलोरसाहेबांनी घसा साफ केला. खिडकी मूळ पुरुषाच्याच हातची ठरली, तेव्हा ती बुजवायचा प्रश्न मिटला, असं ते म्हणाले. सगळ्यांनी श्वास सोडला आणि खाली बसलेली पिसं पुन्हा उडाली. "मात्र हे झाकण," ते पुढे म्हणाले, "फार मोलाचं आहे. असं ऊन-पाण्यात ठेवणं बरं नाही. ते काढून पेटीवर बसवावं, दिवाणखान्यात काचेच्या कपाटात. खिडकीला दुसरी फळी घालता येईल. पुढच्या वर्षापर्यंत तात्पुरती बंद करून ठेवू."

आणि मग जे कधी घडलं नव्हतं ते घडलं. ब्रूनो आणि एर्विन एकाच वेळी म्हणाले, "बरोबर!"

दोघांनी एकमेकांकडे चमकून बघितलं.

"पेटी माझी," ब्रूनो म्हणाला.

"कुलूप-किल्ली माझी," एर्विन म्हणाला. "सगळं एकत्र येईल, दादा. तू आणि मी मिळून फीत कापू."

"पाटीवर दोघांची नावं."

"तुझं आधी. मोठा आहेस."

"छे छे, तुझं!"

साठीला आलेले दोन भाऊ पिसांत बरबटून एकमेकांना मान देत होते, आणि त्या भरात आत्याची खिडकी दुसऱ्यांदा बंद होत होती. लोर्नाला हे भांडण मिटल्याचं दुःख होईल असं कधी वाटलं नव्हतं. ती उठली. बाजूला ठेवलेली काकड्यांची बरणी तिनं दोन्ही हातांनी उचलली आणि त्या लाल फुलाशेजारी, तिच्या नेहमीच्या जागी, दाणकन ठेवली. माहेरच्यासारखा आवाज झाला.

"ट्रेलोरसाहेब, तुमचा नियम काय? मूळ पुरुषाच्या काळातलं जसं होतं तसं ठेवायचं. हो ना?"

"हो."

"मग हे झाकण त्यांनी कुठं ठेवलं?"

ट्रेलोरांनी फळीकडे बघितलं. "इथं."

"तर ते इथंच राहील. पेटीला झाकण हवं असेल तर पेटी इकडे आणा, खिडकीखाली ठेवा. किल्लीही आणा, भाऊजी. पाटीवर काय लिहायचं ते तुम्ही दोघं दर रविवारी इथं बसून ठरवा. घाई नाही."

"लोर्ना, तू यात—" ब्रूनोनं सुरुवात केली.

"मी यात आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून आहे. ऊन याच खोलीत मिळालं मला."

ट्रेलोरसाहेब म्हणाले की बाईंचं म्हणणं नियमाला धरून आहे, त्यांना तरी त्यात खोट दिसत नाही. एवढं बोलून त्यांना पुन्हा शिंका आल्या आणि ते केकचा तुकडा रुमालात घेऊन, आडवे होऊन, दाराच्या फटीतून गेले. एर्विन जमिनीवर बसून पिसं गोळा करायला लागला. करता करता त्यानं आत्याच्या बरणीतली एक काकडी उचलून खाल्ली, आणि तोंड वाकडं करून दुसरी घेतली.

ब्रूनो बराच वेळ फळीपाशी उभा होता. चाकूचं पातं मिटून त्यानं खिशात टाकलं. उघड्या पडलेल्या फुलावरून अंगठा फिरवला. त्याच्या कोटावर पिसं तशीच होती, आणि त्याला तसं बघून लोर्नाला रागही येईना. दुपार कलली होती. ऊन आत्याच्या गुडघ्यांवरून सरकून टेबलाच्या पायाशी गेलं होतं. आत्यानं पायावरची शाल वर ओढली.

ब्रूनोनं ते बघितलं. तो वाकला, खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि आत्यासकट ती खुर्ची उचलून उन्हात ठेवली. आत्यानं शाल पुन्हा खाली सारली. सरळ होऊन त्यानं कोट झटकला आणि दाराकडे गेला.

"हंसांना बघून येतो," तो म्हणाला.

"पण बाबा, हंस तर—" मार्लीस म्हणाली.

लोर्नानं टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला.

"जा," आत्या म्हणाली. "दार हळू लाव."